चक कुठे गेला? ‘हॅपी डेज’च्या तिसऱ्या सीझनचं प्रकरण

९ सप्टेंबर १९७५, मंगळवारची रात्र. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ‘हॅपी डेज’ या सिटकॉमचा, म्हणजे विनोदी मालिकेचा, तिसरा सीझन सुरू झाला. नाव तेच, वेळ तीच, मिलवॉकी शहरातलं कनिंगहॅम कुटुंबही तेच. पण शीर्षकगीत नवं होतं. घराची मांडणी फिरलेली होती. विनोदावर येणारा हशा आता समोर बसलेल्या माणसांचा होता. घरातला थोरला मुलगा चक गायब होता आणि त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. त्याऐवजी गॅरेजच्या वरच्या खोलीत एक भाडेकरू आला होता: मोटरसायकलवाला, केसांवरून सतत कंगवा फिरवणारा फॉन्झी.

सिटकॉम दोन सीझनच्या मधल्या सुट्टीत एवढे का बदलतात, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण माझ्या पाहण्यात नाही. इथे शैली आणि पात्रं एकाच उन्हाळ्यात बदलली. बहुतेक ठिकाणी या गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या जातात: चित्रीकरणाची पद्धत बदलली, अमुक नट गेला, तमुक पात्राला भाव आला. माझं म्हणणं असं की मूळ निर्णय एकच होता, प्रेक्षकांना स्टुडिओत आणून बसवायचं. बाकीचं बरंचसं त्याच्या मागोमाग आलं.

आधीची मालिका

‘हॅपी डेज’चा जन्मच अडखळत झाला. निर्माते गॅरी मार्शल यांनी १९५० च्या दशकातल्या एका मध्यमवर्गीय कुटुंबावर पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग बनवला होता. तो कुणी घेतला नाही. शेवटी फेब्रुवारी १९७२ मध्ये ‘लव्ह, अमेरिकन स्टाइल’ या कार्यक्रमात एक सुटी गोष्ट म्हणून तो दाखवून टाकला गेला. पुढच्या वर्षी जॉर्ज लुकास यांचा ‘अमेरिकन ग्राफिटी’ हा चित्रपट जोरात चालला. त्यातही रॉन हॉवर्ड हा नट होता आणि पायलटमध्येही तोच, कनिंगहॅमांचा मुलगा रिची म्हणून. जुन्या काळाच्या आठवणींना एकदम बाजारभाव आला, एबीसीने फाईल पुन्हा उघडली आणि १५ जानेवारी १९७४ ला मालिका सुरू झाली.

तेव्हाही एक अदलाबदल झालीच होती. पायलटमध्ये वडिलांचं काम हॅरल्ड गुल्ड यांनी केलं होतं. मालिका मंजूर झाली तेव्हा ते परदेशात नाटकात गुंतलेले होते, म्हणून टॉम बॉस्ली आले. आज हॉवर्ड कनिंगहॅम म्हटलं की बॉस्लीशिवाय दुसरा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. तो निव्वळ तारखांच्या अडचणीमुळे आलेला चेहरा आहे.

पहिले दोन सीझन सिंगल कॅमेऱ्याने, सिनेमासारखे चित्रित झाले. एक शॉट घ्यायचा, दिवे हलवायचे, दुसऱ्या कोनातून तोच संवाद पुन्हा म्हणून घ्यायचा. सेटवर कुणी हसत नसे. हशा नंतर ध्वनिफितीवरून चिकटवला जाई. ही पद्धत संथ आहे, पण तिला बारीक विनोद झेपतो. रिचीचं अडखळणं, वडिलांची एक नजर, बोलणं संपल्यावरची दोन सेकंदांची शांतता. शिवाय कॅमेरा बाहेर नेता येतो, गाडीत बसवता येतो. शीर्षकाला बिल हेली यांचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ होतं. एकूण सूर हळवा, किंचित उदासही. नायक निःसंशय रिची होता. फॉन्झी हा मधूनच येऊन मोजकी वाक्यं टाकून जाणारा उनाड.

त्या उनाडाच्या जाकिटाची गंमत सांगण्यासारखी आहे. चामड्याचं जाकीट घातलेला मुलगा गुंड दिसेल, अशी वाहिनीला भीती होती. म्हणून सुरुवातीला फॉन्झीचं काम करणारा हेन्री विंकलर साध्या कापडी विंडचीटरमध्ये दिसतो. मार्शल यांनी युक्तिवाद केला की मोटरसायकल चालवणाऱ्याला संरक्षण म्हणून चामडं लागतंच. ठीक आहे, वाहिनी म्हणाली, मोटरसायकल जवळ असेल तेव्हा घाला. मग काय, मोटरसायकल जिथे तिथे दिसू लागली. पुढे १९८० मध्ये तेच जाकीट स्मिथसोनियन संग्रहालयात गेलं.

घसरण

पहिल्या सीझनमध्ये मालिका वार्षिक क्रमवारीत १६ वी होती. दुसऱ्यात थेट ४९ वी. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. त्याच मंगळवारी, त्याच आठ वाजता सीबीएसने ‘गुड टाइम्स’ लावली होती. शिकागोच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ही मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे आणि तिच्यात जिमी वॉकरचा जे. जे. होता, ज्याच्या ‘डायनोमाइट!’ या एका शब्दावर सभागृह डोक्यावर घेतलं जाई.

तेव्हा अमेरिकेत तीनच मोठ्या वाहिन्या होत्या. एकीकडे वळलेला प्रेक्षक म्हणजे दुसरीकडून सरळ वजा. एबीसी तर बहुतेक वेळा तिसऱ्या क्रमांकावरची. अशा वेळी मालिका बंद करायची, तिची वेळ हलवायची किंवा मालिकाच बदलायची, एवढ्याच वाटा असतात. ही उलथापालथ नेमकी दोन सीझनच्या मधेच का होते, याचं उत्तर वेळापत्रकात आहे. सप्टेंबरला नवे भाग सुरू होतात, वसंतात चित्रीकरण संपतं, मे महिन्याच्या सुमाराला वाहिनी कुणाला ठेवायचं ते ठरवते. करार, पैसा, लेखकांचा संच, सेट, सगळं याच खिडकीत पुन्हा टेबलावर येतं. चालू सीझनमध्ये असं काही करायला दर आठवड्याला लागणारा नवा भाग उसंतच देत नाही.

मार्शल यांना तिसरी वाट माहितीची होती, कारण ते तिच्यावरून एकदा चालून आले होते. ‘द ऑड कपल’चा १९७०-७१ चा पहिला सीझन सिंगल कॅमेरा आणि कृत्रिम हशा असाच होता. टोनी रँडल आणि जॅक क्लुगमन या दोघांनाही तो चिकटवलेला हशा अजिबात आवडत नसे. दुसऱ्या सीझनपासून ती मालिका तीन कॅमेऱ्यांवर, प्रेक्षकांसमोर आली. दोघेही रंगभूमीवर मुरलेले नट. त्यांचं काम खुललं.

‘हॅपी डेज’च्या बाबतीत मात्र आधी चाचणी घेतली गेली. दुसऱ्या सीझनमधला एक भाग तीन कॅमेऱ्यांनी, प्रेक्षक बसवून करून पाहिला. विषय कोणता? फॉन्झीचं लग्न ठरतं. म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकांनी ही मालिका पहिल्यांदा पाहिली ती फॉन्झीची गोष्ट म्हणूनच. ही निवड किती जाणूनबुजून केली होती ते बाजूला ठेवू; तिचा परिणाम पुढे स्पष्ट दिसतो.

प्रेक्षक आले, मग काय काय गेलं

समोर माणसं बसवायची तर सेटची एक बाजू उघडी हवी. भिंतीच्या जागी तीन कॅमेरे, त्यांच्या मागे चढत्या ओळींत प्रेक्षक. घर आता रंगमंचासारखं आडवं पसरावं लागतं: एकीकडे दार, मधे सोफा, दुसरीकडे स्वयंपाकघर. कनिंगहॅमांचं घर फिरलं ते वास्तूत राम नव्हता म्हणून नव्हे, या कारणाने. गाड्या आणि रस्ते कमी झाले, कारण ते प्रेक्षकांसमोर उभे करता येत नाहीत. त्यांच्या जागी दोन-तीन पक्के सेट: घर, मुलांचा अड्डा असलेलं ड्राइव्ह-इन उपाहारगृह, फॉन्झीची खोली. पक्का सेट असला की तिथे कायमचा माणूस लागतो. ड्राइव्ह-इनच्या मालकाच्या, अर्नोल्डच्या भूमिकेत पॅट मोरिटा तिसऱ्याच सीझनमध्ये आले, यात मला योगायोग वाटत नाही.

आठवड्याचं कामही बदललं. संहितावाचन, तालमी, तालमीत न जमलेल्या विनोदांची रोज डागडुजी आणि शेवटी एका संध्याकाळी सलग प्रयोग. विनोद पडला तर तिथल्या तिथे कळतं. लेखकाला याची चटक लागते, आणि इथेच शैली वळते. स्टुडिओत बसलेल्या माणसाला रिचीच्या चेहऱ्यावरची बारीक चलबिचल लांबून दिसत नाही. त्याला दिसतं दार उघडणं, अंगठे वर करणं, मुठीच्या एका ठोशाने ज्यूकबॉक्स सुरू करणं. त्याला ऐकू येते ती फॉन्झीची ‘एऽऽय!’. टाळ्या पडतात, विंकलर थांबतो, बाकीचे नट थांबतात, टाळ्या ओसरल्यावर पुढचं वाक्य. पुढच्या आठवड्याच्या संहितेत त्या थांबण्यासाठी जागा ठेवलेली असते. हुकमी टाळी मिळवणारं पात्र अशा व्यवस्थेत वाढत जातं आणि मनातल्या मनात धडपडणारा नायक मागे सरकतो. कुणाचा डाव असायची गरजच नाही.

बहुतेक भागांच्या आरंभी कलाकारांपैकीच कुणीतरी ‘हॅपी डेज प्रेक्षकांसमोर चित्रित झालं आहे’ असं सांगू लागलं. जणू प्रमाणपत्रच. (नंतरच्या ध्वनिमिश्रणात ठेवणीतला हशा थोडा मिसळला जायचाच, पण ते कोण सांगतंय!)

चक

चकचं काम पहिल्या सीझनमध्ये गॅव्हन ओ’हर्लिही यांनी केलं, दुसऱ्यात रँडॉल्फ रॉबर्ट्स यांनी. म्हणजे हे पात्र आधीच एकदा चेहरा बदलून बसलेलं होतं. कॉलेजातला बास्केटबॉल खेळाडू, हातात चेंडू, तोंडी दोन वाक्यं, आणि निघाला. दुसऱ्या सीझनमधल्या नाताळच्या भागानंतर तो पडद्यावर आलाच नाही. पुढे हॉवर्ड कनिंगहॅम आपल्या ‘दोन’ मुलांबद्दल बोलतात. इंग्रजी टीव्हीच्या बोलीत, काही न सांगता नाहीशा होणाऱ्या पात्रांच्या रोगाला ‘चक कनिंगहॅम सिंड्रोम’ असंच नाव पडलं.

थोरला भाऊ कथेत कशासाठी असतो? धाकट्याला सल्ला द्यायला, मुलींशी कसं बोलावं ते सांगायला, मारामारीत पाठीशी उभं राहायला. ही सगळी कामं फॉन्झी करू लागला होता आणि टाळ्या घेऊन करत होता. सिटकॉमच्या जेमतेम पंचवीस मिनिटांत एका कामाला दोन माणसं परवडत नाहीत. संवाद वाटून जातात, आणि पगार दोघांना द्यावा लागतो. फॉन्झी गॅरेजवर राहायला आला तेव्हा थोरल्या भावाची रिकामी खोलीच त्याला मिळाली असं म्हणा ना. तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात हे स्थलांतर घडतं, कारण प्रेक्षकांसमोरच्या मालिकेत पात्राला त्या दारातून वारंवार आत यायला सबब लागते. भाडेकरू ही उत्तम सबब आहे.

पण मग एक ओळ का लिहिली नाही? ‘चक दुसऱ्या गावी शिकायला गेला’ एवढं पुरलं असतं. याला निष्काळजीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. एक तर त्या काळी प्रेक्षकाच्या हातात जुने भाग नव्हते. घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात नुकते कुठे येत होते. मागचा भाग पुन्हा दिसायचा तो वाहिनीने दाखवला तरच. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मालिका ४९ व्या क्रमांकावर होती. तिसऱ्या सीझनमध्ये जो प्रेक्षक ओढून आणायचा होता, त्यातल्या बहुतेकांनी चकला कधी पाहिलंच नव्हतं. जुन्या मोजक्या प्रेक्षकांना स्पष्टीकरण देताना नव्यांच्या मनात नवाच प्रश्न उभा राहिला असता: हा चक कोण? नवं शीर्षकगीतही याच हिशेबात बसतं. ‘रॉक अराउंड द क्लॉक’च्या जागी नॉर्मन गिम्बेल आणि चार्ल्स फॉक्स यांचं गाणं वर आलं, आधी शेवटच्या नामावलीला वाजणारं. त्यात आठवड्याचे वार मोजत मालिकेचं नावच गायलं जातं. नव्या माणसाला घरात बोलावण्याचा हा प्रकार आहे, जुन्याला आठवण करून देण्याचा नव्हे.

यश आणि त्याचे बाकीचे वाटेकरी

तिसऱ्या सीझनला क्रमांक ११. चौथ्याला, १९७६-७७ मध्ये, पहिला.

याचं सगळं श्रेय तीन कॅमेऱ्यांना देणं मात्र चुकीचं ठरेल. १९७५ मध्ये फ्रेड सिल्व्हरमन सीबीएस सोडून एबीसीचे कार्यक्रमप्रमुख झाले. ज्यांच्या वाहिनीने ‘हॅपी डेज’ला जेरीस आणलं, तेच आता तिचे पालक. फॉन्झी पुढे यावा याकडे त्यांचा कल होता. त्याच शरद ऋतूत रात्री आठ ते नऊ हा तास कौटुंबिक कार्यक्रमांसाठी राखण्याचं धोरण तिन्ही वाहिन्यांनी स्वीकारलं, आणि ‘हॅपी डेज’ त्यात आयती बसली. मालिकेतून थेट पुढे आलेली ‘लव्हर्न अँड शर्ली’ जानेवारी १९७६ पासून लगेच पाठोपाठ लागू लागली. दोघींनी मिळून मंगळवार ताब्यात घेतला.

समोरच्या ‘गुड टाइम्स’ला मात्र स्वतःच्या यशानेच घेरलं होतं. तिथेही सभागृहाने आपला लाडका निवडला होता. जे. जे. मोठा होत गेला आणि आई-वडिलांची कामं करणारे एस्थर रोल व जॉन एमॉस त्याच्या विदूषकीवर उघड नाराज झाले. १९७६ मध्ये एमॉस यांना काढण्यात आलं. त्यांचं पात्र मोटार अपघातात मरण पावतं. वर्षभराने रोल स्वतः बाहेर पडल्या, पुढे परतल्या. दोन वाहिन्या, दोन घरं, पण प्रेक्षकांची टाळी पात्रांची उतरंड कशी उलटी करते ते दोन्हीकडे एकसारखं दिसतं. फरक एवढाच की वडिलांना चकसारखं गुपचूप पुसता येत नाही. त्यांना मरावं लागतं, आणि कुटुंबाला रडावंही लागतं.

‘हॅपी डेज’मध्ये भांडण त्या थराला गेलं नाही, याचं बरंचसं श्रेय दोन नटांना आहे. मालिकेचं नावच फॉन्झीवरून ठेवावं अशी वाहिनीची कल्पना होती. तसं झालं तर आपण राहणार नाही, असं रॉन हॉवर्डने सांगितलं. विंकलरचाही या बदलाला पाठिंबा नव्हता. नाव टिकलं. श्रेयनामावलीत मात्र विंकलर वर सरकला, हॉवर्डच्या लगेच खाली.

काय गेलं याचा हिशेबही मांडायला हवा. पहिले दोन सीझन मला अधिक आवडतात, हे सांगून टाकतो. त्यांत १९५० चं दशक खरंच आहे. नंतर ते नेपथ्यापुरतं उरतं. पुढे पुढे तर कलाकारांच्या केसांची ठेवणही सरळ सत्तरच्या दशकातली दिसते. २० सप्टेंबर १९७७ च्या भागात फॉन्झी चामड्याचं जाकीट घालून वॉटर-स्कीवरून शार्कवर उडी मारतो आणि त्यावरून ‘शार्कवरची उडी’ हा मालिका घसरू लागल्याचा वाक्प्रचारच बनला. मला हा आरोप दोन वर्षं उशिराचा वाटतो. दर आठवड्याला टाळी घेणाऱ्या माणसाला आज ना उद्या शार्कवर पाठवावंच लागलं असतं. ती वाट १९७५ मध्येच धरली गेली. आणि ज्या सीझनला घसरणीचा आरंभ म्हणतात, त्या सीझनला मालिका देशात दुसरी होती!

नंतरची ये-जा

पुढचे बदल वेगळ्या जातीचे आहेत. मोरिटा १९७६ मध्ये ‘मिस्टर टी अँड टीना’ या स्वतःच्या मालिकेसाठी गेले. ती लगेच गुंडाळली गेली. ड्राइव्ह-इनवर अल मोलिनारो बसले. १९८० मध्ये रॉन हॉवर्ड गेला, त्याच्यासोबत रिचीच्या मित्राचं, राल्फचं काम करणारा डॉन मोस्टही. हॉवर्डला दिग्दर्शन करायचं होतं. १९७७ मध्येच त्याने पहिला चित्रपट केला होता. लांब चालणाऱ्या मालिकांत सहाव्या-सातव्या सीझननंतर अशी गळती नेहमी दिसते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार वैयक्तिक सेवेचा करार सात वर्षांपलीकडे लादता येत नाही. त्यानंतर नटाला थांबवायचं तर पैसाच मोजावा लागतो, आणि पैशाने न थांबणारेही असतात.

रिची आणि राल्फ सैन्यात भरती होऊन ग्रीनलंडला गेले. या वेळी कारण दिलं गेलं, कारण आता रिचीला अख्खा देश ओळखत होता. आणि नायक गेल्यावर मालिका कोसळली का? सातव्या सीझनला, रिची असताना, ती १७ वी होती. आठव्याला, तो नसताना, १५ वी. रिचीच्या जाण्याचा धक्का पाच वर्षं आधीच पचवून झाला होता.

पोकळी भरायला रॉजर आणि जेनी ही नवी पात्रं आली. १९८२ मध्ये रिचीची बहीण जोनी आणि तिचा प्रियकर चाची स्वतःच्या मालिकेत गेले, ड्राइव्ह-इनवाला अलही त्यांच्याबरोबर, मग अर्नोल्ड परतला. ती मालिका १९८३ मध्ये संपली आणि तरुण जोडी पुन्हा घरी आली. तोवर मंगळवारी आठ वाजता एनबीसीवर ‘द ए-टीम’ उभी होती. अडचण १९७४ सारखीच, वेळही तीच, पण प्रेक्षक आधीच स्टुडिओत बसलेले होते आणि फॉन्झी आधीच पुढे आणलेला होता. नव्याने फिरवायला काही शिल्लक नव्हतं. जोनी आणि चाचीच्या लग्नाचा निरोपाचा भाग ८ मे १९८४ ला दाखवला गेला. त्याआधी चित्रित होऊन राहून गेलेले भाग वाहिनीने त्यानंतर सप्टेंबरपर्यंत संपवले.